तांब्याभर पाण्याइतका वेळ

माठावरची ताटली खणकली. एवढासाच आवाज, पण दुपारच्या त्या गप्प घरात मी दचकले. बाळ आत्ता कुठे झोपलं होतं. पाळण्याची दोरी पायाच्या अंगठ्यात अडकवून मी ह्यांच्या टेबलाशी बसले होते, समोर जुन्या अर्जांचे पाठकोरे कागद, आणि क्षणभर मला खरंच वाटलं की तुळजा पाणी पितेय. तिची तशीच रीत होती. माठावरची ताटली उचलली की खाली ठेवायची नाही, डाव्या हातात धरून ठेवायची, उजव्या हाताने तांब्या उंच करायचा आणि ओठ न लावता सगळा तांब्या एका दमात पोटात सोडायचा. मग एक सुस्कारा. मग ताटली पुन्हा माठावर, खण्णकन. पण तुळजा आता इथे कुठली? काल तिसऱ्या प्रहरी तिला शिक्षा झाली, एक वर्ष सक्तमजुरी, आणि दिवस कलायच्या आत दोन शिपाई तिला घेऊन गेले. माठाशी अंबी होती, माझी सहा वर्षांची, टाचा उंचावून. डाव्या हातात ताटली तशीच धरलेली. कुणी शिकवलं तिला हे? "अंबे, खाली ठेव ती ताटली," मी म्हटलं. आवाज मला हवा होता त्यापेक्षा मोठा निघाला. पाळणा हलला. मी अंगठ्याने दोरी ओढत राहिले आणि दाराकडे बघत राहिले, कारण अलिबागची गाडी चारला येते आणि त्या गाडीने हे येणार आहेत.

चार महिन्यांपूर्वी ती पहिल्यांदा आमच्या ओट्यावर बसली, तेव्हा मी तिच्याकडे नीट पाहिलंसुद्धा नव्हतं. ह्यांच्याकडे फौजदारी कामं येतात. महाडच्या कोर्टात सात वर्षं झाली ह्यांना. ओट्यावर कुणी ना कुणी बसलेलं असतं, बांधावरून डोकी फुटलेले, कुणी गवताच्या गंजीला काडी लावलेला, आणि मी आतून चहाचे कप मोजून पाठवते. ही पोलादपूरच्याही पलीकडची, आंबेनळी घाटाच्या पायथ्याच्या वाडीतली. काळीसावळी, उंच, तिशीच्या आतली. लग्नाला आठ वर्षं होऊन कूस उजवली नाही. नवरा कुशाबा मुंबईला गिरणीत. गेल्या शिमग्याला तो आला तो गोदूबाई नावाच्या बाईला घेऊनच. तुळजा रानातून गवताचा भारा घेऊन घरी आली, तर गोदू तिच्या चुलीपुढे उकिडवी बसून तिच्याच फुंकणीने जाळ फुंकत होती. कमरेला कोयता होता. कोयता पालथा बसला म्हणून गोदूचा हात राहिला, नुसतं मनगटाचं हाड मोडलं. गावकी बसली. तुळजाने भैरीच्या देवळात सगळ्यांसमोर सांगितलं, "हाय, मीच मारलं." नारळ ठेवला, मानकऱ्यांच्या पाया पडली, गोदूच्याही पडली. मिटलं. त्यांच्याकडे ते तसंच मिटतं. उभं राहून खरं बोललं की माणूस मोकळं, पुन्हा कुणी त्यावरून बोट दाखवायचं नाही. पण गोदूचा हात सुजला, तिला पोलादपूरच्या दवाखान्यात न्यावं लागलं, डॉक्टरने हाड मोडल्याचा दाखला लिहिला आणि दाखल्यामागून फौजदार आला. "मिटलेलं कसं काय उकरलंन सरकारनं?" हा तिचा पहिला प्रश्न. ह्यांनी तो जेवताना मला सांगितला आणि हसले. पानावरचा भात तसाच ठेवून हसले.

त्यानंतर जेवताना तिच्याखेरीज दुसरं बोलणं नव्हतं. तीनशे सव्वीस कलम लावलंय, हे सांगायचे. हत्याराने जबर दुखापत, कायद्यात त्याला जन्मठेपेपर्यंत सोय आहे. इथले मॅजिस्ट्रेट साहेब दोन वर्षांच्या वर देऊ शकत नाहीत, पण कलम ते कलमच. तेच जर तीनशे पस्तिसात आणलं, म्हणजे गंभीर आणि एकाएकी झालेल्या प्रक्षोभात मारलं असं दाखवता आलं, तर बाई आहे, पहिलाच गुन्हा आहे, चांगल्या वागणुकीच्या जामिनावर साहेब तिला घरी सोडू शकतात. एक दिवसही तुरुंग नाही. सव्वीस राहिलं तर ती वाटच बंद. मी वाढत होते आणि ऐकत होते. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी हे मला असंच सांगायचे. मी मॅट्रिक झालेली, अक्षर चांगलं, म्हणून ह्यांच्या कैफियतींची स्वच्छ प्रत मीच काढायची. तेव्हा हे माझ्या खुर्चीच्या पाठीवर हात ठेवून उभे राहायचे आणि एकेक शब्द असा का, ते समजावायचे. तो हात कधी उचलला गेला ते मला सांगता येणार नाही. अंबी झाली, मधलं एक गेलं, मग बाळ. आता कागद टेबलावर ठेवलेले असतात, वर दगड.

तुळजाच्या कैफियतीची सात पानं झाली. एका पक्षकारासाठी सात पानं ह्यांनी कधी लिहिली नव्हती. दुपारी बाळ निजलं की मी ती उतरवून काढायची. त्यात लिहिलं होतं की स्त्रीच्या आयुष्यात चूल हे तिचं एकच ठिकाण असतं. त्यात लिहिलं होतं की आपल्या जागी दुसरी बसलेली पाहून तिच्या मनाचा जो भडका उडतो, त्याची कल्पना पुरुषाने बाहेरून करू नये. माझा टाक तिथे अडला. शाईचा ठिपका पडला आणि ते पान मला पुन्हा लिहावं लागलं. कुठून कळलं ह्यांना हे? कुठल्या पुस्तकात वाचलं? का ओट्यावर तिच्यासमोर बसून तिच्या तोंडाकडे बघत बघत कळलं? एका बाईच्या मनात काय पेटतं ते सात पानांत जाणणारा माणूस त्याच दिवशी संध्याकाळी माझ्या हातून त्या प्रती घेतो, अक्षराकडे बघतो, "झकास," म्हणतो आणि घडी घालतो. वर बघत नाही.

पोलादपूरची सकाळची गाडी वेळेवर येईल याचा नेम नसतो, म्हणून तारखेच्या आदल्या दिवशी ती यायची आणि आमच्या पडवीत राहायची. मी तिला वेगळा तांब्या दिला होता. दुसऱ्या खेपेला मी मोरीतून पाहिलं, ह्यांनी स्वतः उठून घरातल्या माठातून घरातलाच तांब्या भरून तिच्या हातात दिला. मला कधी पाणी दिलंय ह्यांनी? बाळंतपणातसुद्धा सासूबाईंनी दिलं. त्या दिवसापासून ती सरळ माठावर जायला लागली. आणि ह्यांचा तो आवाज. कोर्टातला नव्हे, घरातलाही नव्हे. मुलाला पहिलं अक्षर गिरवायला लावताना असतो तसा. "तुळजा, हे बघ. तुझ्या तोंडून तुझ्याच विरुद्ध वदवून घ्यायचा अधिकार कुणाला नाही. फौजदाराला नाही, साहेबाला नाही, सरकारला नाही."

"मंग देवाला?"

हे हसले. ती पण हसली, पदर तोंडाला लावून. टेबलावरच्या जाड पुस्तकाकडे बोट करून म्हणाली, "येवढ्या पोथीत माज्यासाटी आदीच लिवून ठेवलंन? म्हंजे माज्यावानी आनखी बायांनी मारलं असल की."

"पुष्कळ जणींनी," हे म्हणाले.

"आनि ज्यांनी नाय मारलं त्यांचं काय लिवलंन?"

ह्यांना ते इतकं आवडलं की ते आत येऊन मला सांगून गेले. मी भाजी चिरत होते. "कशी बोलते बघ," म्हणाले. मी म्हटलं, "हो, ऐकलं." ज्यांनी मारलं नाही त्यांच्यातली एक समोर विळीवर बसली होती, हातात दुधी, पण ते तिथे दिसण्यासारखं काही नव्हतं.

सगळं अडलं होतं ते पाण्यावर. तिचा जबाब असा: भारा खाली टाकला, माठाकडे गेली, तांब्याभर पाणी प्यायली आणि मग कोयता काढला. हे तिला परोपरीने विचारायचे. "नीट आठव. पाणी आधी प्यायलीस की नंतर?" "आदी. घसा सुकलावता." "गोदूला बघितल्यावर?" "बघितल्यावरच की. बघितली, पानी पिली, मारलं." हे डोकं धरून बसायचे. तांब्याभर पाणी प्यायला लागतो तेवढा वेळ गेला. सरकारी वकील एवढंच धरतील. राग एकाएकीचा नव्हता, बाई पाणी पिऊन शांतपणे मारायला आली. मी आत प्रत काढताना त्या ओळीशी थांबायचे. मला दिसायचं ते. ती माठाशी उभी आहे, डाव्या हातात ताटली, मान मागे टाकलेली, घशाखालून पाणी उतरतंय आणि कानावर फुंकणीचा आवाज येतोय, फू, फू, आपल्याच फुंकणीचा. त्या पाण्याने काही विझलं नसणार. ह्यांना ते कळलं नाही. सात पानांत एवढं एकच नाही कळलं, आणि मला त्याचा आनंद झाला होता, हे मी आज कागदावर लिहिते आहे.

बाळाचंही सांगायला हवं. बाळ माझ्याकडे किरकिर करतं. दूध पुरत नाही की काय, कोण जाणे. तिने एकदा न विचारता त्याला उचलून खांद्यावर टाकलं, पाठीवर थापटलं आणि ते निजलं. "बगा, कसा गप झाला लबाड," ती म्हणाली. तिच्या अंगाला गवताचा आणि धुराचा वास. मी बाळ परत घेतलं तर ते रडलं. ह्यांनी ओट्यावरून विचारलं, "का रडतोय? तुळजाकडे दे की." दे की. मी रडतं बाळ घेऊन आत गेले आणि दार लोटलं. तिच्याजवळ काय होतं? नवरा गेलेला, मूल नाही, डोक्यावर खटला. माझ्याजवळ सगळं होतं. हे मी स्वतःला रोज सांगायचे, पोथी वाचावी तसं.

परवा ह्यांना अलिबागला जावं लागलं, सेशन्सच्या कामाला. काल तुळजाची तारीख. तिच्यावर रीतसर आरोप ठेवून साहेब विचारणार होते, गुन्हा कबूल आहे का? ह्यांचे वकीलमित्र शरच्चंद्र तिच्या बाजूने उभे राहणार होते. काम काहीच नव्हतं, तिने "नाही" म्हणायचं आणि पुढली तारीख घ्यायची. जाताना वहाणा पायात सरकवत हे म्हणाले, "अगं, एक काम तुझ्याकडे. ती माझ्यासमोर मान डोलावते, पण तिच्या डोक्यातून ती गावकी जात नाही. उभं राहून कबूल केलं की मोकळं, असंच तिला वाटतं. 'नाही' म्हणणं म्हणजे खोटं बोलणं, देवाची शपथ मोडणं. तिला सांग, 'नाही' म्हणजे मी मारलं नाही असं नव्हे. 'नाही' म्हणजे तुम्ही माझी सगळी हकीकत ऐका, साक्षी तपासा, मग ठरवा. तो तिचा हक्क आहे. मी पुरुष, मी सांगून पटत नाही. तू बाईमाणूस. तू सांगितलंस तर ऐकेल." आणि दारातून पुन्हा वळून, "विसरू नकोस हं. तिने एकदा 'हो' म्हटलं की अपीलसुद्धा नाही. शिक्षेच्या मापावर काय बोलायचं ते, बस्स." लग्नाला आठ वर्षं झाली. दारातून वळून इतकं कळकळीने ह्यांनी माझ्याकडे कधी काही मागितलं नव्हतं. आणि मागितलं ते तिच्यासाठी.

परवा संध्याकाळी मी तिला सांगितलं नाही. सवड झाली नाही असं म्हणता येईल. बाळाला ताप होता, खरंच होता. काल सकाळी उठले तर तिने मोरीत बाळाची दुपटी धुऊन पिळून ठेवलेली. मला राग यायला तेवढंही पुरलं. ती हात पुसत माठाशी आली. अंबी चुलीपुढे शेकत बसली होती.

"बाय," ती म्हणाली, "सायब इचारतील तवा काय म्हनू? वकीलसायेब म्हनतात नाय म्हन. पन मी मारलं हाय. नाय म्हटलं तर खोटं नाय हो व्हायचं?"

मी दुधावरची साय बाजूला करत होते. सांगणारच होते. ह्यांचे शब्द ओळीने तोंडात तयार होते.

"तुमचा मालक म्हंजे देवमानूस," ती पुढे म्हणाली. "माज्या बापानंबी मला येवढं इचारलं नाय कदी. येकदा तर मला म्हनाले, तुळजा, तुजा राग मला कळतो. कुनी म्हनतंय काय असं? तुमी भाग्याच्या. तुमाला कशाला कदी राग येतोय? तुमाला हे जळनं ठावंच नसल बगा."

आणि तिने ताटली उचलली. डाव्या हातात धरली. तांब्या भरला, उंच केला आणि पाणी प्यायला लागली. मी तिच्या घशाकडे बघत होते. पाणी उतरताना दिसत होतं. चुलीत ओलं लाकूड सूं सूं करत होतं. तेवढा वेळ मला होता. पुरेसा वेळ होता. रस्त्यावरून दूधवाला गेला तेसुद्धा मी ऐकलं. तुजा राग मला कळतो. माझं मन त्या वेळी शांत होतं, इतकं शांत की मला सायीवरची घडी दिसत होती. ताटली माठावर पडली. तिने सुस्कारा टाकला आणि माझ्याकडे पाहिलं.

मी म्हटलं, "खऱ्याला मरण नसतं, तुळजा."

बाकी काही नाही. एवढंच. आईने मला शिकवलेलं, मी अंबीला शिकवलेलं वाक्य. त्यात खोटं काय आहे? कुणाला त्यात काय सापडणार आहे? तिचा चेहरा उजळला. "हां," ती म्हणाली, "मी पन तेच म्हनते." तिने वेणी घातली, अंबीच्या गालाला हात लावला आणि शरच्चंद्रांच्या मागून कोर्टात गेली. जाताना पायऱ्या दोन दोन उतरली.

काल दुपारी उशिरा शरच्चंद्र आले ते ओट्यावरच उभे राहिले. वर आलेच नाहीत. "वहिनी, घोटाळा झाला. साहेबांनी विचारलं, तर बाई ताठ उभी राहून म्हणते, 'हाय, मीच मारलं.' मी मध्ये बोललो, मुदत मागितली. साहेब भला माणूस, त्यांनी अर्धा तास दिला, विचार कर म्हणाले, तुझ्यावर जबरदस्ती नाही, कबूल करायला तू बांधलेली नाहीस म्हणाले. व्हरांड्यात मी कपाळ फोडून घेतलं. ती मलाच म्हणते, 'भ्यायचं कशाला भाऊ, खऱ्याला मरन नाय.' पुन्हा आत गेली आणि पुन्हा तेच. पाण्याचंसुद्धा स्वतःहून सांगितलंन! एक वर्ष. शिक्षा ऐकली तरी उभीच. तिला वाटलं अजून काहीतरी व्हायचंय. नारळबिरळ. शिपायाने दंडाला धरलं तेव्हा मागे वळून बघायला लागली, आता मी घरी जायचं ना, असं. रघुवीर अलिबागहून आला की त्याला काय सांगू मी? कुणी भरवलं हे तिच्या डोक्यात?" मी म्हटलं, "चहा घेता?" ते नको म्हणाले.

आज चार वाजून गेले. गाडीचा भोंगा ऐकू आला. मग पायऱ्यांवर ह्यांची पावलं, सावकाश. कळलं होतं ह्यांना, शरच्चंद्र स्टँडवरच भेटले असणार. मी कागद वहीखाली सारले. हे आले, कोट न काढताच झोपाळ्यावर बसले. मी पाणी दिलं. तांब्या हातात घेऊन नुसते बसून राहिले. चेहरा असा की बाळ पडलं असतं तरी इतका पडला नसता. मला तेही मोजता आलं. त्या वेळीसुद्धा.

"तू तरी काय करणार," हे म्हणाले. "तू सांगितलंस. मला माहीत आहे. माझीच चूक. मी इथे असायला हवं होतं." आणि मग, किती दिवसांनी, ह्यांनी माझ्या हातावर हात ठेवला. जड, धुळीने भरलेला हात. चार महिने मी ज्यासाठी जळले तो हात. मी तो काढून घेऊ दिला नाही. बोललेही नाही. बोलायला माझ्यावर तरी कुठे जबरदस्ती होती?

अंबी झोपाळ्याच्या कडीला धरून उभी होती. ह्यांच्याकडे बघत होती, मग माझ्याकडे.

"बाबा, तुळजामावशी कुठे गेली?"

"तुरुंगात, बाळ. तिला शिक्षा झाली."

"खोटं बोलली?"

"नाही," हे म्हणाले. "खरं बोलली."

अंबीने झोपाळ्याची कडी सोडली. मग ती माझ्याजवळ आली, माझा पदर ओढला आणि अगदी साध्या आवाजात, पाढा विसरल्यावर विचारते तशी, मला म्हणाली, "आई, पण तू तर तिला सांगितलंस ना, खऱ्याला मरण नसतं? मग तिला का नेलं?"

माझ्या हातावरचा हात स्थिर झाला. ह्यांनी वर पाहिलं. माझ्याकडे, नीट.